एका गाडीत मावलेलं गाव

शिंपी मशीन मांडतात ते उजेड बघून. या शिंप्याने मात्र आपलं मशीन थांबा बघून मांडलं होतं. दुकानाचं दार थांब्यासमोर आणि मशीनचं तोंड दाराकडे. दुपार कलली की ऊन सरळ डोळ्यांत घुसायचं आणि सुईत दोरा ओवायलाही जड जायचं; पण मशीन फिरवून ठेवा म्हटलं की तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पायाने मशीन चालायचं, हाताने कापड सरकायचं आणि नजर रस्त्यावर. गाडी वेळेवर आली तर एक सुस्कारा. उशीर झाला तर टीप वाकडी जायची.

गावात त्याला सगळे ‘पलीकडचे’ म्हणत. या गावात त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचं लग्न होऊन तिला दोन पोरं झाली, तरी गावाच्या लेखी तो पलीकडचाच. त्याची बायको इथली. ती म्हणायची, “माझ्याशी लग्न केलंत म्हणून चालवून घेतलं, नाहीतर अजून थांब्यावरच बसवलं असतं तुम्हाला.”

पलीकडे म्हणजे टेकडीच्या पलीकडे. तिथे एक वस्ती होती. दोर वळणारी दोन-चार घरं, गवंडी, एक सुतार, एक सुईण, एक दुकान आणि शिंप्याचा बाप. आता तिथे घरांची जोती आहेत आणि त्यांच्यावर गुडघाभर गवत. तिथे पूर आला नाही, साथ आली नाही, भूकंप तर नाहीच. कुणी विचारलं की वस्तीला झालं तरी काय, तर पलीकडचे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे, “उसवली. शिवण उसवते ना, तशी. नेमका कुठला टाका आधी सुटला, ते मागाहून कुणाला सापडत नाही.”

पण त्यांना स्वतःला तो टाका ठाऊक होता, किंवा ठाऊक आहे असं त्यांना वाटायचं. गाडी तेव्हा टेकडी उतरून वस्तीपर्यंत जायची. एका रणरणत्या दिवशी ड्रायव्हरने टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबवून खाली पाहिलं. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. उगाच उतरायचं आणि रिकामी गाडी परत चढवायची, म्हणून त्याने तिथूनच तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही कुणी नव्हतं, कारण काल गाडी आलीच नव्हती. तक्रार करायला हवी असं सगळ्यांनाच वाटलं, आणि ती दुसरा कुणीतरी करेल असंही सगळ्यांनाच वाटलं. मग सुईण लेकाकडे गेली. मग दुकानात माल येईना. मग दोर वळणारे म्हणाले, आता दोर काय डोक्यावर घेऊन टेकडी चढायची? शिंप्याचा बाप तोवर गेला होता. आई आणि तरणा मुलगा मशीन बैलगाडीत घालून टेकडी ओलांडून इकडे आले, ते शेवटून दुसरे. शेवटचा कोण होता, ते कुणालाच आठवत नाही.

हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस या गावात आला आणि त्याने पहिल्याच वर्षी थांब्याची पाळी सुरू केली. रोज सकाळी गाडी यायच्या वेळी कुणीतरी थांब्यावर उभं राहायचं. जायचं असो वा नसो. जायचं नसेल तर ड्रायव्हरला हात करायचा, कंडक्टरशी दोन शब्द बोलायचे आणि घरी यायचं. लोक तेव्हा खो खो हसले. गावात तेव्हा शाळा होती, दवाखाना होता, गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. पलीकडच्यांचं डोकंही पलीकडेच राहिलंय, असं लोक म्हणायचे.

पुढे शाळेला कुलूप लागलं. दवाखान्याच्या ओट्यावर शेळ्या बसू लागल्या. तसं तसं लोकांचं हसू आटलं आणि पाळी मात्र चालू राहिली. आता गिरणीवाला, दुकानवाली मावशी, जुने मास्तर, सगळेच आपापल्या दिवशी मुकाट उभे राहत. कंडक्टर दारातून वाकून विचारायचा, “काय मावशी, आज शहर की नुसती हवा?”

“हवाच रे बाबा. तुझं तोंड बघितलं की दिवस चांगला जातो.”

“माझी बायको उलटं सांगते.”

पलीकडच्यांचं तर पोटच या गाडीवर होतं. शहरातला एक कापडवाला कापून ठेवलेल्या गणवेशांचे गठ्ठे सकाळच्या गाडीने पाठवायचा आणि शिवून झालेले संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. गाडी बंद म्हणजे गठ्ठे बंद, आणि गठ्ठे बंद म्हणजे शहरात मुलीच्या घरी दोन खोल्यांत, जावयाच्या कपाटाशेजारी खाट टाकून उरलेलं आयुष्य. मुलगी चांगली होती, जावई त्याहून चांगला. तरी नुसत्या विचारानेच पलीकडच्यांची टीप वाकडी जायची. एक गाव पाठीमागे गेलेलं. दुसरंही जावं, एवढं त्यांच्यात बळ नव्हतं.

एका सकाळी कंडक्टरने गठ्ठा दुकानात आणून टाकला, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही. टोपी काढून वारा घेत तो म्हणाला, “काका, एक सांगू का? माझं नाव मध्ये आणू नका. ही फेरी तोट्यात आहे म्हणतात. नवीन साहेब आलेत. मंगळवारी स्वतः बघायला येणारेत. तेवढी माणसं दिसू देत.”

पलीकडच्यांच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. “मंगळवारी? या मंगळवारी?”

“याच. मी काही बोललो नाही हां.”

संध्याकाळी सगळे दुकानात जमले. गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला, तसाच आला. त्याच्याकडे बघून मावशी म्हणाली, “अंग झटकून तरी यायचं. भूत वाटतोस.”

“गावात भुतंच उरलीत, मावशी. मी एकटा कशाला वेगळा दिसू?”

“थट्टा पुरे,” पलीकडचे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “मंगळवारी एकाने उभं राहून भागणार नाही. सगळ्यांनी जायचं. झाडून सगळ्यांनी. गाडी भरलेली दिसली पाहिजे.”

“माझे वडील?” गिरणीवाल्याने विचारलं. “ते खाटेवरून उठत नाहीत.”

“खुर्चीत बसवू, खुर्ची गाडीत चढवू. मी धरतो एक बाजू.”

मास्तर म्हणाले की शहरात जाऊन दिवसभर करायचं काय? कुणी म्हणालं डोळे दाखवू, कुणी म्हणालं नातेवाईक बघू. पलीकडच्यांची बायको इतका वेळ गुंड्या लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आणि गावात कोण थांबणार?”

“गावात कशाला थांबायचं? साहेब गाडी बघायला येणार. गाडी!”

“बरं बाई,” ती म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

मंगळवारपर्यंत पलीकडच्यांना धड झोप नव्हती. त्यांनी गणवेश बाजूला ठेवले आणि गावाचे कपडे हातात घेतले. मास्तरांच्या कोटाला नवं अस्तर, मावशीच्या पोलक्याला बाही, म्हाताऱ्याच्या सदऱ्याला कॉलर. फाटक्या कपड्यातलं गाव बघून साहेब म्हणेल, हे तर आधीच मेलंय. दिवसातून दहादा ते दारात येऊन रस्त्याकडे बघायचे, जणू साहेब आजच टपकणार. बायको म्हणाली, “अहो, मान मोडेल. मग मंगळवारी तुम्हालाच खुर्चीत घालून न्यावं लागेल.”

मंगळवारी सकाळी घरोघरी कुलुपं लागली आणि सगळं गाव थांब्यावर उभं राहिलं. गाडी वळणावर आली, आणि ड्रायव्हरला वाटलं काहीतरी विपरीत घडलंय. तो घाबरून उतरलाच. मग खुर्ची चढली, तिच्यात म्हातारा चढला, गिरणीवाल्याची बायको आणि तिची लहान मुलगी चढली, मास्तर, मावशी, सगळे. कंडक्टर तोंडाचा आ करून बघत होता. सगळे बसले तेव्हा मागची दोन बाकं रिकामी होती. पलीकडच्यांना ती बाकं दातात अडकलेल्या सुपारीच्या फोडीसारखी सलू लागली. त्यांनी मास्तरांना उठवून एका बाकावर एकटंच बसवलं आणि शेजारी आपली पिशवी ठेवली.

साहेब कुठे दिसेना. पुढच्या फाट्यावर एक इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात चामडी बॅग असलेला माणूस चढला. पलीकडच्यांनी बायकोला कोपराने ढोसलं. मावशीने आपली खिडकीची जागा सोडली. मास्तर त्याला ऐकू जाईल अशा आवाजात गाडीची महती सांगू लागले: ही गाडी म्हणजे आमचा प्राण, ही कधी रिकामी नसते, कधी कधी तर टपावर बसावं लागतं. माणूस भारावून सगळ्यांकडे बघत होता. शेवटी त्याने बॅग उघडली आणि अदबीने विचारलं, “तुमच्याकडे उंदरांचा त्रास कितपत आहे?”

तो उंदरांचं औषध विकत होता. गाडीभर हशा पिकला, खुर्चीतला म्हाताराही हसून हसून खोकला. पलीकडचे तेवढे हसले नाहीत. साहेब गाडीत नाही, तर आहे कुठे?

शहरात गाडी लागली. कंडक्टर आगाराच्या ऑफिसात हिशेब द्यायला गेला आणि परत आला तो पडक्या चेहऱ्याने. पलीकडच्यांना बाजूला घेऊन तो म्हणाला, “काका, घोटाळा झाला. साहेब जीपने गेलेत. मागच्या रस्त्याने. थेट गावात.”

“कुठल्या गावात?” पलीकडच्यांनी विचारलं.

“तुमच्याच.”

मास्तरांनी घाईघाईने खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरला, आणि मग तसाच धरून उभे राहिले. “लावू कुणाला?” ते म्हणाले. “सगळे तर इथेच आहेत.”

परतीची गाडी संध्याकाळची होती. सगळं गाव आगाराच्या कडेच्या बाकांवर बसून राहिलं. डोळे दाखवायला कुणी गेलं नाही; गिरणीवाला तेवढा मध्येच कुठेतरी जाऊन आला. पलीकडच्यांची बायको एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाली नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. ते ऑफिसच्या जिन्याखाली उभे राहिले. प्रत्येक जीपचा आवाज आला की पुढे व्हायचे, मग मागे सरायचे.

दुपार टळल्यावर साहेब आले. वयाने जावयाएवढे, बुटांवर धूळ, शर्टाला गवताची कुसळं. पलीकडचे त्यांच्या मागोमाग जिना चढले आणि दारातच हात जोडून उभे राहिले.

“साहेब, मी त्या गावचा.”

साहेब खुर्चीत टेकले. ते ग्लासभर पाणी प्याले आणि मग त्यांनी निरखून पाहिलं. “कुठल्या? मी आत्ता जिथून आलो त्या? तिथे माणूस नाही हो. दारोदार कुलूप. अर्धा तास हाका मारल्या. एक कुत्रं आलं, तेही भुंकलं नाही. सोबत चालत राहिलं.”

“गाव इथे आहे, साहेब. खाली. तुम्ही येणार म्हणून... गाडी भरलेली दिसावी म्हणून...”

साहेब उठून खिडकीशी गेले. खाली बाकांवर गाव बसलं होतं. म्हातारा खुर्चीत मान टाकून झोपला होता आणि गिरणीवाल्याची मुलगी त्याच्या तोंडावरच्या माशा वारत होती. साहेबांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. “एवढंच?” त्यांनी हळूच विचारलं. “एवढंच आहे सगळं? एका गाडीत आलात?”

पलीकडच्यांना मागची दोन बाकं आठवली.

“माझा ड्रायव्हर चुकून आधी टेकडीपलीकडे गेला,” साहेब म्हणाले. “तिथेही फिरलो. नुसती जोती. खरं सांगू, मला दोन्हींत फार फरक दिसला नाही. तुमच्याकडे दारं आहेत आणि कुलुपं आहेत, एवढाच.”

“तोच फरक आहे, साहेब!” पलीकडचे एकदम पुढे झाले. “मी तिथलाच. तिथून निघताना कुणी कुलूप लावलं नाही. ज्याला परत यायचं असतं तो कुलूप लावतो. आम्ही लावलंय. आम्ही जाणार परत.”

“बोलता छान,” साहेब म्हणाले. “पण कुलपांवर फेरी चालत नाही, काका. मी आज काही ठरवत नाही. पुन्हा येईन. त्या वेळी कुणाला कळणार नाही, कंडक्टरलाही नाही.”

पलीकडचे जिना उतरू लागले आणि मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबले. आपण काय बोलून गेलो? त्यांच्या आईने कुलूप लावलं होतं. चांगलं थोरलं. ओढून बघितलं होतं, चार पावलं गेली, पुन्हा मागे येऊन ओढून बघितलं होतं. त्याची किल्ली पुढे किती वर्षं तिच्या पेटीत होती, दार गेलं तरी होती.

खाली आले तर त्यांची मुलगी निरोप मिळून आली होती. आईच्या शेजारी बसून तिची पिशवी मांडीवर घेऊन म्हणत होती, “बाबा, आई आली आहेच तर राहू दे ना आठ दिवस. तुम्हीही राहा.”

“आठ दिवसांचं मला सांगू नकोस,” पलीकडचे म्हणाले, आणि आपण फारच तोडून बोललो हे त्यांना लगेच जाणवलं. “साहेब न सांगता येणार आहे, बाळ. उद्याही येईल.”

परतीची गाडी लागली. लोक चढू लागले. गिरणीवाला चढला नाही. बायको आणि मुलगी त्याच्या मागे उभ्या होत्या, आणि वडिलांची खुर्ची त्याने भिंतीकडे सरकवून ठेवली होती.

“चल रे, चढव खुर्ची. मी धरतो,” पलीकडचे म्हणाले.

“काका, तुम्ही व्हा पुढे.” गिरणीवाला जमिनीकडे बघत होता. “माझा भाऊ इथेच राहतो. दुपारी भेटून आलो. त्याच्या शेजारची खोली रिकामी आहे. पोरीला शाळा... आणि बापाला आज इथे आणता आणता माझ्या लक्षात आलं, रात्रीबेरात्री काही झालं तर मी याला कसा आणणार होतो? आज तुम्ही होतात सगळे.”

“अरे, पण गिरणी?”

“येईन ना. कुलूप आहे.”

पलीकडच्यांनी वर पाहिलं. साहेब खिडकीत उभे होते. पलीकडचे गिरणीवाल्याच्या अगदी जवळ गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “तुझ्या पायाला हात लावून सांगतो, निदान आत्ता चढ. तो बघतोय. पुढच्या वळणावर उतर हवं तर. तुझ्या बापाला मी उचलतो.”

“काका, पायाला काय हात लावता! लाजवू नका.” गिरणीवाल्याचे डोळे भरून आले. त्याने खुर्चीची एक बाजू धरली, पलीकडच्यांनी दुसरी. म्हाताऱ्याला जाग आली. “पोचलो का?” त्याने विचारलं. “चढतोय अजून,” मुलगा म्हणाला.

पलीकडच्यांची बायको बाकावरून उठली. मुलीच्या मांडीवरची पिशवी तिने उचलली, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुझ्या बाबांना एकटं सोडलं तर ते थांब्यावरच झोपतील. येते मी.” मुलगी रागाने तोंड फिरवून उभी राहिली.

गाडी आगाराबाहेर पडली, खिडकी नजरेआड झाली आणि पहिल्या वळणावर कंडक्टरने न सांगताच घंटी दिली. खुर्ची उतरली. गिरणीवाल्याची मुलगी आईच्या कडेवर गेली. मावशीने तेवढी जवळची फळं पोरीच्या हातात कोंबली. गाडी सुटली तेव्हा मागची दोन आणि मधलं एक, अशी तीन बाकं रिकामी होती.

पलीकडचे खिडकीतून बाहेर बघत होते. मान न वळवता ते म्हणाले, “मीच आणलं त्यांना इथवर. हाताने उचलून आणलं.”

“हो,” बायको म्हणाली. तिने खोटं समाधान केलं नाही. “आणि पोरीला शाळा मिळेल.”

दिवस मावळता मावळता गाडी गावात शिरली. लोक उतरून भराभर आपापल्या दारांकडे निघाले, कुणी हाक मारल्यासारखे. किल्ल्यांचे आवाज आले, दिवे लागले. एका दारात लागला नाही. कंडक्टर पायरीवर उभा राहून म्हणाला, “उद्या कुणाची पाळी?”

उद्या गिरणीवाल्याची होती.

“मी आहे उद्या,” पलीकडचे म्हणाले.

दुकानवाली मावशी कुलपाशी झटत होती. ती एकदम थांबली. “अगं बाई, दळण कुठे टाकायचं आता?” मग तीच म्हणाली, “गाडीनेच न्यावं लागणार शहरात. दर आठवड्याला. सगळ्यांनाच.”

“झालं तर!” कंडक्टर हसला. “खरी तिकिटं वाढली. काका, ऐकलंत का? आता हवा खाणारे नकोत, दळणवालेच येणार.”

पलीकडचे ऐकत होते. आनंदाची गोष्ट आहे की रडायची, ते त्यांना ठरवता येईना. टेकडीपलीकडच्या वस्तीत सुईण गेल्यावर लोक असेच म्हणाले होते, बाळंतपणाला आता टेकडी चढून गाडीनेच जावं लागणार. त्यांनी बायकोच्या हातातली पिशवी घेतली. गाडी वळली, तिचे दिवे गिरणीच्या बंद दारावरून सरकत गेले, आणि ती वळणाआड होईपर्यंत दोघंही रस्त्यातच उभी राहिली.